एक पाखरू, अनेक नावे : जीवाश्मांच्या नामकरणाचा प्रश्न

१

गेल्या उन्हाळ्यात माझ्या वर्गातला एक विद्यार्थी रुमालात गुंडाळून एक पांढरा, बाक असलेला, कवचासारखा तुकडा घेऊन आला. त्याचे वडील खराडीत एका इमारतीच्या पायाच्या खोदाईवर आहेत. खडक फुटताना तो तुकडा निघाला आणि त्यांनी जेवणाच्या पिशवीत टाकून घरी आणला. "सर, अंडं आहे का हे? कुठल्या पाखराचं?"

ते अंडे नव्हते. खराडी-वाघोलीचा काळा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. तो निवताना त्यात वायूचे फुगे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत पाण्याने आणलेली खनिजे बसली. आमच्या भागातल्या खाणींतून निघणारे गारगोट्यांचे आणि झिओलाइटचे स्फटिक असेच तयार झालेले आहेत. त्या पोराच्या हातात अशाच एका पोकळीचे अस्तर होते. पाखराचे हाड किंवा अंडे टिकते ते नदीच्या गाळात, तळ्याच्या चिखलात. उकळत्या लाव्ह्यात ते टिकत नाही.

मी हे समजावून सांगितले. तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "पण असतं तर नाव कुणाचं लागलं असतं? आमच्या वडलांचं, बिल्डरचं, का तुमचं?"

वर्ग हसला. मला हसू आले नाही. मी प्राणिशास्त्र शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. नाव कोणी द्यायचे आणि कोणाचे टिकते, हा प्रश्न आपल्या लोकांना नवा नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे माणसे लढली, घरे जळाली, प्राण गेले. माझी पिढी ते ऐकतच वाढली. तेव्हा नामकरणाचे शास्त्र कसे चालते, त्यात न्याय्य काय आणि अपुरे काय, हे त्या विद्यार्थ्याला नीट सांगावे या हेतूने हे लिहीत आहे. उदाहरणे मुद्दाम नामशेष पक्ष्यांची घेतली आहेत. तिथे भांडण मोठे असते, आणि ज्याच्या नावावरून भांडण चालते तो साक्षीला येऊ शकत नाही.

२

प्रत्येक प्राण्याचे शास्त्रीय नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द प्रजातीचा, दोन्ही मिळून जातीचे नाव. वर्गात 'जाती' हा शब्द उच्चारला की काही माना खाली जातात आणि कोणीतरी गालात हसतो. म्हणून पहिल्याच तासाला मी एक गोष्ट स्पष्ट करतो. जीवशास्त्रातली जाती हे एक अनुमान असते. पुरावा आला तर ते टिकते, विरुद्ध पुरावा आला तर मोडते. आज पृथ्वीवर असलेली सगळी माणसे मिळून एकच जाती होते. समाजातली जात ही या अर्थाने जाती नव्हे. जातिभेद म्हणजे वंशभेद नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडलेच आहे.

ही दोन शब्दांची पद्धत प्राण्यांसाठी पक्की झाली ती कार्ल लिनीअस या स्वीडिश पंडिताच्या ग्रंथाच्या १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून. प्राण्यांच्या नामकरणाचा आरंभ म्हणून आजही तेच वर्ष धरले जाते. त्याच ग्रंथात शहामृगाला 'स्ट्रुथिओ कॅमेलस' आणि माणसाला 'होमो सेपियन्स' हे नाव मिळाले. आणि त्याच ग्रंथात लिनीअसने माणसाचे खंडांप्रमाणे प्रकार पाडून आशियाईला हावरा आणि आफ्रिकनाला आळशी म्हणून टाकले. म्हणजे नामकरणाचा पायाही निर्मळ हातांनी घातलेला नाही. तथापि त्याच्यावर पुढे जे नियम उभे राहिले ते समजून घेतले पाहिजेत.

पहिला नियम पूर्वाधिकाराचा. एकाच प्राण्याला दोघांनी दोन नावे दिली असतील तर आधी छापलेले नाव खरे. देणारा मोठा की लहान, लंडनचा की लखनौचा, हे बघायचे नाही. दुसरा नियम नामधारक नमुन्याचा. नाव हवेत राहत नाही. ते एका ठरावीक हाडाला किंवा कातड्याला बांधलेले असते आणि तो नमुना संग्रहालयात जपून ठेवतात. तो सर्वांत सुंदर किंवा श्रेष्ठ असावा लागत नाही. नाव ज्याला बांधले तो, एवढाच त्याचा मान. पुढे शंका आली तर त्या नमुन्याकडे परत जाऊन बघायचे. तिसरी गोष्ट पर्यायनामाची. दोन नावांचे नमुने एकाच जातीचे निघाले तर नंतरचे नाव मागे पडते. पण ते खोडत नाहीत. खऱ्या नावाखाली, देणाऱ्याच्या नावासह आणि सालासह, त्याची नोंद कायम राहते. चूक झाली होती हे पुढच्या माणसाला दिसले पाहिजे, असा त्याचा अर्थ.

हा पर्यायनामाचा मामला मला पुस्तकाआधी एका कार्यालयात कळला. जातपडताळणीसाठी जुनी कागदपत्रे काढली, तेव्हा दप्तरात माझ्या आजोबांच्या नावाच्या शेवटी 'या' लावलेला निघाला. हाक मारताना लावतात तसा. माझ्या वडिलांच्या दाखल्यावर त्याच नावाला 'राम' जोडलेला होता. खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला, ही दोन वेगळी माणसे आहेत. मग मुद्रांकाचा कागद, गावातल्या दोन म्हाताऱ्यांची साक्ष आणि प्रतिज्ञापत्र : दोन्ही नावांची व्यक्ती एकच. शास्त्रज्ञ नेमके हेच करतात. फरक एवढाच की त्यांच्याकडे नमुना कपाटात असतो, आणि आमचा नमुना १९७२च्या दुष्काळात खडी फोडून कधीचा मातीत गेला होता.

३

आता डोडोचे उदाहरण घेऊ. मॉरिशस बेटावरचा, उडता न येणारा हा पक्षी खलाशांच्या हातून आणि त्यांनी आणलेल्या डुकरा-उंदरांमुळे सतराव्या शतकात नष्ट झाला. लिनीअसने १७५८ साली त्याला शहामृगाच्या प्रजातीत घालून 'स्ट्रुथिओ कुकुलाटस' म्हटले; कुकुलाटस म्हणजे टोपडे घातलेला. १७६० साली ब्रिसाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याच्यासाठी 'रॅफस' ही निराळी प्रजाती केली. पुढे १७६६ साली लिनीअसनेच आपले नाव बदलून 'डायडस इनेप्टस' असे ठेवले. इनेप्टस म्हणजे बावळट, नालायक. हे हिणवणारे नाव लोकांना इतके आवडले की शंभराहून अधिक वर्षे पुस्तकांतून तेच चालले.

शेवटी ते नियमाने पडले. आज डोडोचे खरे नाव 'रॅफस कुकुलाटस' आहे; 'इनेप्टस' पर्यायनामांच्या यादीत आहे. दोन्ही नावे लिनीअसचीच होती. पण आधीचे ते आधीचे. स्वतः लिनीअसलाही ते मोडता आले नाही. येथे मोठ्या माणसाच्या शब्दापेक्षा नियम मोठा ठरला, ही गोष्ट मला मोलाची वाटते. मात्र हे नाव हिणवणारे होते म्हणून पडले नाही, उशिरा आले म्हणून पडले, हेही ध्यानात घेतले पाहिजे. त्याच्याकडे पुढे यायचे आहे.

न्यूझीलंडचा मोआ हे दुसऱ्या तऱ्हेचे उदाहरण. एकोणिसाव्या शतकात रिचर्ड ओवेन आणि त्यानंतरच्यांनी या नामशेष पक्ष्याच्या हाडांवरून जातींमागून जाती निर्माण केल्या. हाड जरा मोठे दिसले की नवे नाव, जरा लहान दिसले की आणखी एक. डायनॉर्निस प्रजातीत तर आकारावरून तीन जाती मानल्या जात. २००३ साली हाडांतून डीएनए काढून तपासणी झाली तेव्हा कळले की थोरली हाडे माद्यांची आणि धाकटी नरांची. मादी नराच्या दीडपट उंच आणि वजनाने अडीच पटींहून भारी भरू शकत होती. म्हणजे नवरा-बायकोला दोन वेगळ्या जातींत घातले होते! मादी इतकी थोराड असेल ही शक्यता कोणाला सहज सुचली नाही. आज मोआच्या सुमारे नऊ जाती मानतात. बाकीची नावे पर्यायनामांत जमा झाली. हाड खोटे बोलत नव्हते. बघणाऱ्याच्या डोक्यात जे आधीच बसलेले होते त्याने घोळ केला.

४

हे सगळे समुद्रापारचे झाले. आपल्या महाराष्ट्रातही असाच एक न सुटलेला खटला आहे.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७२-७३ साली उत्खनन केले. तिथे अश्मयुगीन हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे आणि त्या कवचाचे मणी मिळाले. एका तुकड्यावर समांतर रेघांच्या मध्ये आडव्या-तिडव्या रेघा कोरलेल्या आहेत. काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. साळींचा ग्रंथ १९८९ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. ते कॉलेज येरवड्याला, खराडीहून बसने जाता येईल इतके जवळ आहे. देशात इतर ठिकाणीही अशी रेघांची कवचे सापडली. पण तपासणीत त्यांपैकी बहुतेकांवरच्या रेघा मुळांनी आणि मातीने उमटवलेल्या ठरल्या. पाटण्याचा तुकडा माणसाच्या हाताचा म्हणून टिकला.

खानदेशात शहामृग होता, हे ऐकून विद्यार्थी चकित होतात. आपला 'शहामृग' हा शब्दही गमतीचा आहे. त्याचा मृगाशी संबंध नाही. फारसीतल्या 'शुतुरमुर्ग' म्हणजे उंटपाखरू याचे ते आपल्या तोंडात झालेले रूप. लिनीअसच्या 'कॅमेलस'मध्येही तोच उंट आहे.

आता प्रश्न असा की पाटण्याच्या शहामृगाला शास्त्रीय नाव कोणते द्यायचे? दावेदार तीन आहेत. शिवालिक टेकड्यांत मिळालेल्या जीवाश्म हाडांवरून पॅरिसच्या मिल्न-एडवर्ड्‌सने १८७१ साली 'स्ट्रुथिओ एशियाटिकस' हे नाव दिले. उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात मिळालेल्या अंड्याच्या कवचावरून बिडवेलने १९१० साली 'स्ट्रुथिओ इंडिकस' हे नाव दिले. आणि तिसरा आफ्रिकेत आजही धावणारा 'स्ट्रुथिओ कॅमेलस', १७५८ सालचा.

येथे नियम लावून बघा. आपले कवच आफ्रिकेच्या शहामृगाचेच असेल तर 'कॅमेलस' सर्वांत जुने, तेच नाव चालेल; आणि बांद्याचे कवचही त्याच पक्ष्याचे ठरले तर 'इंडिकस' त्याचे पर्यायनाम होईल. शिवालिकचा पक्षी आणि कवच घालणारा पक्षी एक निघाला, पण आफ्रिकेपेक्षा वेगळा ठरला, तर 'एशियाटिकस' आधीचे म्हणून ते जिंकेल. आणि कवचाचा पक्षी दोघांपेक्षाही निराळा असेल तरच 'इंडिकस' उभे राहील. एका कवचाचे नाव तीन शक्यतांवर टांगलेले आहे.

अडचण पुराव्याची आहे. शिवालिकची हाडे लाखो वर्षे जुनी आणि आपली कवचे काही दहा हजार वर्षांपूर्वीची. राजस्थान, मध्य प्रदेश, महाराष्ट्र येथे कवचे ठिकठिकाणी मिळतात. त्या काळातल्या शहामृगाची हाडे मात्र जवळजवळ मिळतच नाहीत. नाव हाडाला बांधलेले, पुरावा कवचाचा. १९९० च्या सुमारास अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली कवचाची रचना पाहून ती आफ्रिकी शहामृगाच्या जवळची असल्याचे सांगितले. २०१७ साली हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या कवचांतून डीएनए मिळवला. तोही आफ्रिकेच्या शहामृगाकडेच बोट दाखवतो. म्हणजे पारडे 'कॅमेलस'कडे झुकले आहे. पण म्हणून शिवालिकच्या हाडांचा 'एशियाटिकस' बाद होत नाही. तो वेगळा पक्षी असू शकतो. कवचाने खटले सुटतात याचा दाखला मादागास्करचा आहे. तिथल्या महाकाय हत्तीपक्ष्यातून २०१८ साली 'व्होरोम्बे' ही नवी प्रजाती काढली होती. २०२३ साली कवचांच्या डीएनएने ती जुन्या 'एपिऑर्निस'मध्ये परत घातली. पाच वर्षांत नाव आले आणि गेले, आणि कोणाला त्याची लाज वाटली नाही. पुरावा बदलला, नाव बदलले.

५

मग माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे काय? नाव कोणाचे लागले असते?

नियम सांगतो : जो वर्णन छापील करील त्याचे. सापडवणाऱ्याचा त्यात हक्क नाही. तोंडी सांगितलेले नाव, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले नाव, कामगाराने खड्ड्यात ओळखलेली वस्तू यांची नोंद नामकरणाच्या नियमांत होत नाही. पूर्वाधिकार छापलेल्या अक्षरापासून सुरू होतो. ज्याच्या हातात अक्षर नव्हते तो शर्यतीतच नव्हता.

क्वचित लोकांचा शब्द मागच्या दाराने आत आला. शिवालिकमध्येच एका प्रचंड करकोच्याची हाडे मिळाली. मिल्न-एडवर्ड्‌सने १८६८ साली त्याला 'अर्गाला फाल्कनेरी' म्हटले. 'अर्गाला' हे बंगाल-आसामकडच्या 'हाडगिला'चे युरोपी तोंडात झालेले रूप. हाडगिला म्हणजे हाडे गिळणारा. मराठी माणसाला तो शब्द समजावूनही सांगावा लागत नाही. पुढे प्रजाती बदलून पक्षी 'लेप्टोप्टिलोस फाल्कनेरी' झाला. २००५ साली तपासणी झाली तेव्हा युक्रेनच्या ओडेसाकडून १९४८ साली वेगळे नाव दिलेला पक्षी आणि चाड-इथिओपियातली हाडेही याचीच निघाली. फाल्कनर या ब्रिटिश अंमलदाराचे नाव राहिले, हाडगिला पर्यायनामात गेला.

हातांची गोष्ट तर त्याहून विदारक. डोडोची हाडे मोठ्या संख्येने मिळाली ती १८६५ साली मॉरिशसच्या मार ओ साँज या दलदलीत. हॅरी हिगिन्सन या रेल्वे इंजिनिअरने पुढे लिहून ठेवले आहे की दलदलीतली माती काढणारे कुली हाडे वेगळी करून त्यांचे ढीग लावत होते, ते त्याने बांधावरून जाताना पाहिले. जॉर्ज क्लार्क या शाळामास्तराने मजुरांना तीन फूट पाण्यात उतरवले. ते अनवाणी पायांनी चिखल चाचपून हाडे शोधत. केंब्रिजच्या न्यूटनकडे जायची हाडे लंडनच्या ओवेनने मध्येच आपल्याकडे वळवली आणि १८६६ साली वर्णन छापून टाकले. क्लार्क, हिगिन्सन, न्यूटन, ओवेन यांचे श्रेय कोणाला किती, यावर आजही लेख लिहिले जातात. कुलींपैकी एकाचेही नाव कोठे नाही. १८३४ पासून त्या बेटावर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर जहाजे भरभरून नेले जात होते. मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही तिथे आहेत. त्या दलदलीत उतरलेले पाय कोणाचे होते हे सांगता येत नाही. पण डोडो पहिल्यांदा त्या पायांना लागला.

आता हिणवणाऱ्या नावांकडे येतो. प्राण्यांच्या नामकरणाचा आंतरराष्ट्रीय आयोग १८९५ पासून आहे. नाव अपमानकारक आहे एवढ्या कारणावरून ते बदलणार नाही, अशी भूमिका त्याने २०२३ साली घेतली. नावे स्थिर राहिली पाहिजेत, हे कारण. वनस्पतिशास्त्रज्ञांनी मात्र २०२४ साली माद्रिद येथे वेगळे पाऊल टाकले. आफ्रिकेतल्या काळ्या माणसांना हिणवण्याच्या शब्दावरून आलेले 'काफ्रा' हे पद बदलून 'आफ्रा' करायचे त्यांनी बहुमताने ठरवले. त्यामुळे वनस्पतींची, बुरशींची आणि शेवाळांची मिळून दोनशेहून अधिक नावे बदलतात. शास्त्र त्यामुळे कोसळले नाही. जुनी नावे पर्यायनामांत नोंदली गेली, संपले.

मला दोन्ही बाजू समजतात. स्थिर नाव नसेल तर पाटण्याचे कवच आणि बांद्याचे कवच यांवर बोलताच येणार नाही. पण माझ्या आजोबांच्या बाबतीत पूर्वाधिकाराचा नियम लावला असता तर 'या' लावलेलेच नाव खरे ठरले असते, कारण छापील पुरावा त्याचाच जुना होता. येथे पाखरू आणि माणूस यांतला भेद सोडता येत नाही. डोडोला आपले नाव सांगता येत नव्हते. माझ्या आजोबांना येत होते. दप्तर लिहिणाऱ्याने ते विचारले नाही.

म्हणून विद्यार्थी आणि शिक्षक मित्रांना माझे सांगणे एवढेच. नामकरणाच्या शास्त्रातून तीन गोष्टी उचलाव्यात : नाव पुराव्याला बांधा, मोठ्या माणसाच्या शब्दापेक्षा नियम मोठा माना, आणि चूक सुधारली तरी तिची नोंद खोडू नका. आणि त्या शास्त्रात जी उणीव आहे ती आपण भरून काढावी. आपल्या भागात खोदाई रोज चालू आहे. खड्ड्यात उतरणारी माणसे आपली आहेत आणि आता त्यांच्या घरात लिहिता येणारी मुले आहेत.

तो पांढरा तुकडा आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला आहे. चिठ्ठी त्या विद्यार्थ्यानेच लिहिली. वस्तू : पोकळीतील खनिजाचे अस्तर, जीवाश्म नव्हे. ठिकाण : खराडी, पायाचा खड्डा. खोली त्याने वडिलांना विचारून भरली. आमच्या छापील चिठ्ठीत 'कोणास सापडले' असा रकाना नव्हता. त्याने पट्टीने एक रेघ ओढून तो केला आणि वडिलांचे पूर्ण नाव लिहिले.